वाऱ्याच्या समाध्या: ली सोन बेटावरील एका विधीचे प्रकरण

ली सोन बेटावर लसणाच्या वाफ्यांमधून चालत गेले की बांधाला लागून थडगी दिसतात. व्हिएतनामच्या ग्रामीण भागात शेतात पूर्वजांची थडगी असणे नवे नाही. पण या बेटावरच्या कित्येक थडग्यांत पुरलेला देह मातीचा आहे. दर्यावर गेलेला पुरुष परतला नाही, त्याचे शवही हाती लागले नाही, तेव्हा घरच्यांनी चिकणमातीचा देह घडवून घेतला, त्याला कपडे घातले, त्याच्या नावाने आत्म्याला साद घातली आणि त्याला रीतसर मूठमाती दिली. अशा थडग्याला तिथले लोक 'मो झो' म्हणतात. 'मो' म्हणजे थडगे आणि 'झो' म्हणजे वारा.

या वाऱ्याच्या समाध्या आणि त्यांच्याशी जोडलेला 'खाओ ले थे लिन्ह होआंग सा' हा, होआंग सा बेटांकडे जाणाऱ्या शिपायांसाठीचा वार्षिक विधी हे प्रस्तुत प्रकरणाचे केंद्र आहे. काही कुळांनी आपल्या घरातल्या माणसांसाठी सुरू केलेला हा विधी पुढे गावाचा झाला आणि २०१३ साली व्हिएतनामच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. या प्रवासात विधीचे बाह्य रूप फारसे बदलले नाही, मात्र त्याच्याकडून असलेली अपेक्षा दोन वेळा बदलली. ती कशी बदलली आणि मूळ मालकांच्या हाती काय उरले, याचा शोध येथे घेतला आहे.

बेट आणि त्याची देवस्थाने

ली सोन हे मध्य व्हिएतनामच्या क्वांग न्गाय प्रांतातले ज्वालामुखीजन्य बेट असून मुख्य भूमीवरच्या सा की बंदरापासून ते सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. क्षेत्रफळ जेमतेम १० चौरस किलोमीटर, वस्ती मात्र वीस हजारांहून अधिक. जुने नाव कू लाओ रे. थोइ लोइ आणि झेंग तिएन हे दोन विझलेले ज्वालामुखी डोंगर, त्यांची काळी-तांबडी माती आणि त्या मातीवर समुद्रातून आणून पसरलेली पोवळ्यांची पांढरी वाळू, यांवर इथला प्रसिद्ध लसूण पिकतो. समुद्राखालून टाकलेल्या केबलने बेटाला अखंड वीज मिळाली ती २०१४ साली. लसूण आणि मासेमारी यांवर बेट जगते, आणि त्यांतली मासेमारीच माणसे गिळते.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीस मुख्य भूमीवरच्या आन विन्ह आणि आन हाय या गावांतून काही कुळे येथे आली व त्याच नावांची दोन गावे त्यांनी बेटावर वसवली. त्यांच्या आधी येथे चाम या मध्य व्हिएतनामच्या जुन्या रहिवासी लोकांचा वावर होता आणि त्याही आधी लोहयुगातल्या सा हुइन्ह संस्कृतीची माणसे राहत होती. समुद्राला अगदी खेटून असूनही गोडे पाणी देणारी शो ला विहीर चामांची म्हणून ओळखली जाते. चामांनी मागे ठेवलेली दुसरी गोष्ट म्हणजे एक देवी. 'थिएन इ आ ना' या नावाने व्हिएतनामी लोक जिला पूजतात, ती मुळात चामांची पो नगर, म्हणजे देशाची माता होय. न्हा त्रांग या किनारी शहरातल्या तिच्या देवळाच्या मुख्य मनोऱ्याच्या दारावर महिषासुरमर्दिनी कोरलेली आहे, हे वाचून मराठी वाचकाला ही देवी परकी वाटणार नाही. जमीन ज्यांची होती त्यांची देवी नव्या वसाहतकारांनी टाकून दिली नाही. तिला नवे नाव दिले आणि तिचा मान राखला.

एवढ्याशा बेटावर देवस्थानांची दाटी आहे. गावकीचे सभागृह आणि ग्रामदैवताचे ठाणे असे दुहेरी काम करणारे 'दिन्ह' आहे. आन हाय गावचे दिन्ह १८२० सालचे आहे. थोइ लोइ डोंगराच्या पोटातल्या गुहेत चुआ हांग हा बौद्ध मठ आहे आणि झेंग तिएनच्या पायथ्याशी समुद्राकडे तोंड केलेली करुणेची देवता क्वान आम हिची २७ मीटर उंच मूर्ती उभी आहे. शिवाय देवमाशाची 'लांग' ही स्मारक-मंदिरे आहेत. देवमासा बुडत्या नावेला पाठीवर घेऊन तारतो, अशी मध्य व्हिएतनामच्या कोळ्यांची श्रद्धा आहे. त्याचे कलेवर किनाऱ्याला लागले तर ज्याला ते प्रथम दिसेल त्याने थोरल्या मुलाच्या नात्याने सुतक पाळायचे, मग गावाने त्याला पुरायचे आणि काही वर्षांनी अस्थी काढून मंदिरात ठेवायच्या, असा तिथला रिवाज आहे. लांग तान येथे जतन केलेल्या दोन सांगाड्यांपैकी मोठा २० मीटरहून लांब आहे.

या सर्वांत आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने दोन ठिकाणे महत्त्वाची आहेत. एक, प्रत्येक कुळाचे पूर्वजगृह, जिथे त्या भावकीच्या मृतांची नावे, कागदपत्रे आणि धूपपात्र एकत्र असते. दुसरे, आन विन्ह गावातले 'आम लिन्ह तू', म्हणजे ज्यांना श्राद्ध घालणारे कोणी उरले नाही अशा भटक्या आत्म्यांचे देऊळ. मृताचे नाव आणि वारस दोन्ही असतील तर पूर्वजगृह. दोन्ही नसतील तर आम लिन्ह तू. दर्यावर हरवलेला माणूस या दोहोंच्या मध्ये अडकतो. त्याला नाव आहे, वारसही आहेत, पण पुरायला देह नाही. व्हिएतनामी समजुतीप्रमाणे परमुलखात, अकाली आणि दफनाविना मेलेल्याचा आत्मा घरी पोहोचत नाही. तो उपाशी भटकतो. घरच्यांना खरी भीती असते ती आपला माणूस 'आम लिन्ह'मध्ये मिसळून जाईल याची.

शिपायाची शिदोरी

होआंग सा म्हणजे पिवळी वाळू. पॅरासेल द्वीपसमूहाचे हे व्हिएतनामी नाव. ली सोनपासून तो दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असून व्हिएतनाम, चीन आणि तैवान असे तिघेही त्यावर हक्क सांगतात. जानेवारी १९७४ पासून तो संपूर्णपणे चीनच्या ताब्यात आहे. दक्षिणेतल्या न्गुएन सरदारांनी सतराव्या शतकात या बेटांवर जाण्यासाठी होआंग सा नावाचे एक पथक उभे केले. विद्वान अधिकारी ले क्वी दोन याने १७७६ साली केलेल्या नोंदींनुसार त्यात आन विन्ह गावचे ७० पुरुष पाळीपाळीने जात. वर्षाच्या सुरुवातीला हुकूम मिळे. सहा महिन्यांचे धान्य घेऊन पाच लहान मासेमारी होड्यांतून तीन दिवस-तीन रात्री वल्हवत ते बेटांवर पोहोचत, मासे आणि पक्षी धरून पोट भरत, फुटलेल्या जहाजांतला माल (तलवारी, चांदीची नाणी, कथील, हस्तिदंत, तोफा) गोळा करत आणि आठव्या महिन्यात परतून तो फू श्वान (आजचे हुए) या राजधानीत सरकारजमा करत. बदल्यात त्यांना करमाफी होती.

त्या होड्यांतून आणखी एक शिदोरी जात असे. बेटावरच्या आठवणी सांगतात की प्रत्येक शिपाई सोबत चटयांची जोडी, बांबूच्या सात कामट्या आणि वेताच्या सात दोऱ्या घेई, आणि त्याच्या नावागावाचा एक बिल्ला असे. तो वाटेत मेला तर सोबत्यांनी त्याला चटयांत गुंडाळायचे, कामट्या लावून आवळायचे, बिल्ला आत ठेवायचा आणि देह समुद्रात सोडायचा. कधीतरी एखादी लाट त्याला घराकडच्या किनाऱ्याला लावेल आणि बिल्ल्यावरून तो कोणाचा ते कळेल, ही त्यामागची आशा. घरातून निघतानाच स्वतःचे तिरडीचे सामान खांद्यावर घेणाऱ्या या माणसांची मनःस्थिती बेटावरच्या एका लोकगीतात उतरली आहे. होआंग साला आभाळ आणि पाणी अथांग, जाणारे जातात, परतताना दिसत नाहीत, असे ते गीत म्हणते. आणि पुढे दुसऱ्या महिन्यातल्या विधीची आठवण करून देते.

पुतळा दोनदा लागतो

'खाओ' म्हणजे मेजवानी देणे, 'ले' म्हणजे रीत, 'थे' म्हणजे बदली आणि 'लिन्ह' म्हणजे शिपाई. शब्दशः पाहिले तर होआंग साच्या शिपायाच्या बदल्यात दिलेली रीतीची मेजवानी. चांद्र पंचांगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, म्हणजे पथक निघण्याच्या हंगामात, हा विधी होतो. कागद आणि गवताचे लहान पुतळे करून त्यांवर शिपायांची नावे लिहितात. लहानशी होडी बांधून त्यात हे पुतळे बसवतात, निशाणे लावतात. सोबत तांदूळ, मीठ, पाणी, जळण असे खऱ्या होडीत जे जाते तेच थोडे थोडे ठेवतात. 'थाय फाप' हा विधी जाणणारा पुरोहित मंत्र म्हणून प्रत्येक पुतळ्यात त्या त्या माणसाचा आत्मा बोलावतो. शंख फुंकला जातो. मग लोक होड्या किनाऱ्यावर नेऊन पाण्यात सोडतात.

मराठीत याला एक नेमका शब्द आहे: उतारा. माणसावर आलेले संकट दुसऱ्या वस्तूवर उतरवून ती वस्तू शिवेबाहेर टाकायची, ही कल्पना आपल्या गावागावांत ठाऊक आहे. इथे शीव म्हणजे समुद्र आणि उतारा म्हणजे त्या माणसाची प्रतिकृती. समुद्राला एक बळी हवाच असेल तर त्याने हा घ्यावा आणि खरा माणूस सोडून द्यावा, अशी ती विनवणी आहे. म्हणून मूळ विधी मेलेल्यांसाठी नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. तो जिवंत माणसासाठी, तो घरात असताना, त्याच्या बायकामुलांच्या डोळ्यांदेखत होत असे.

उतारा चालला नाही तर दुसरा पुतळा करावा लागे. तो मातीचा. झेंग तिएन डोंगरावरून चिकणमाती आणायची, ती मळायची, तुतीच्या फांद्या हाडांच्या जागी मांडायच्या आणि त्यावर मातीचे मांस चढवून डोके, हात, पाय, चेहरा असा पुरा देह घडवायचा. पुरोहित हे काम करत असताना घरचे लोक शेजारी बसलेले असतात. चेहरा घडू लागला की त्यांना रडू आवरत नाही, कारण मृत्यूची बातमी आजवर फक्त ऐकलेली असते आणि देह पहिल्यांदा समोर येतो तो हाच. मग पुतळ्याला कपडे घालायचे, शवपेटीत ठेवायचे, आत्म्याला बोलवायचे आणि दफन करायचे. तुतीची फांदी वापरण्याचा विचार मला फार हृद्य वाटतो. ज्याला हाडेच परत मिळाली नाहीत, त्याला झाडाने आपली हाडे द्यावीत, असा तो आहे. आपल्याकडेही शव न मिळाल्यास पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करतात, त्याला पालाशविधी म्हणतात. दोन्ही परंपरांचा परस्परांशी संबंध असल्याचा दावा येथे नाही. देहाविना उत्तरकार्य अडते, ही अडचण मात्र दोहोंकडे सारखीच आहे.

दर्यावरून न परतलेल्यांत दोन नावे सर्वश्रुत आहेत. फाम क्वांग आन्ह याला झा लोंग बादशहाच्या काळात, १८१५ साली, पथकाचा प्रमुख म्हणून पाठवले होते. फाम हू न्हात याला मिन्ह मांग बादशहाने १८३६ साली बेटांची मोजणी करून लाकडी खुणा रोवण्यासाठी पाठवले होते. दोघांच्याही वाऱ्याच्या समाध्या ली सोनवर आहेत, आणि पॅरासेलमधल्या दोन बेटांना व्हिएतनामी नकाशांवर त्यांची नावे आहेत. बाकीच्यांची नावे कुळघरांच्या वंशावळीत असतील तेवढीच.

भावकी, गावकी, शासन

विधीच्या मालकीचे पहिले वर्तुळ भावकीचे. आपल्या कुळातला अमुक पुरुष अमुक वर्षी गेला, त्याच्या नावाचा पुतळा आम्ही करणार, अशी सरळ जबाबदारी. पथक बंद पडल्यानंतर हा विधी खरे तर थांबायला हवा होता, कारण ज्याच्यावरून उतारा काढायचा तो शिपाईच राहिला नव्हता. तो थांबला नाही. कुळांनी त्याच तारखांना, त्याच होड्या करून तो मृतांच्या स्मरणासाठी चालू ठेवला. अर्थाचा पहिला पालट हाच: संकट टाळण्याचा विधी आठवणीचा विधी झाला. तो कोणी घडवून आणला नाही; काळाच्या ओघात झाला.

दुसरे वर्तुळ गावकीचे. गावाच्या दिन्हमध्ये आणि आम लिन्ह तूमध्ये एकत्र विधी होऊ लागला की ज्या शिपायांचे कुळ खुंटले त्यांनाही वाटा मिळतो. गावकीचा विधी भावकीच्या विधीला पूरक ठरला; त्याची जागा त्याने घेतली नाही.

तिसरे वर्तुळ शासनाचे, आणि इथे प्रकरण गुंतागुंतीचे होते. साम्यवादी राजवटीत अशा पुष्कळ ग्रामविधींवर अंधश्रद्धेचा शिक्का होता. १९८६ च्या आर्थिक-सामाजिक सुधारणांनंतर तो सैल होत गेला आणि पारंपरिक उत्सवांना 'राष्ट्रीय अस्मिता' म्हणून मान मिळू लागला. ली सोनच्या बाबतीत याला होआंग साच्या वादाची जोड मिळाली. त्या बेटांवर आपली माणसे शतकानुशतके जात होती हे दाखवायचे, तर त्या माणसांच्या नावाने आजही विधी होतो यापेक्षा बोलका पुरावा कोणता, असा विचार झाला. त्यातून संग्रहालय उभे राहिले, पथकाचे स्मारक झाले, प्रांतिक पातळीवर उत्सव होऊ लागला आणि २०१३ ची नोंद झाली. अर्थाचा हा दुसरा पालट: आठवणीचा विधी पुराव्याचा विधी झाला.

हा पालट किती खोल गेला, हे दांग कुळाच्या कागदाच्या गोष्टीतून दिसते. मिन्ह मांगच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे १८३४ साली, तीन होड्या आणि २४ माणसे होआंग साला पाठवण्याचा एक लेखी आदेश निघाला होता. तो कागद दांग कुळाने आपल्या पूर्वजगृहात पिढ्यान्पिढ्या पूजनीय वस्तू म्हणून जपला, आणि २००९ साली शासनाच्या स्वाधीन केला. एकाच कागदाचे हे दोन जन्म आहेत. पूर्वजगृहात तो पूर्वजाला मिळालेला हुकूम होता. त्याच्यासमोर धूप लावायचा, तो वाचून दाखवायचा नव्हता. अभिलेखागारात तो दस्तऐवज झाला. तो वाचायचा, भाषांतरित करायचा आणि वादात पुढे ठेवायचा. कुळाने तो स्वेच्छेने दिला आणि त्याचा त्यांना अभिमान आहे, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही त्या घराच्या वेदीवरून काही उचलले गेले, एवढे म्हणणे भाग आहे.

कायद्याने मात्र या वर्तुळांमधली एक रेघ शाबूत ठेवली आहे, आणि ती फारशी चर्चेत येत नाही. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या श्रद्धा व धर्मविषयक कायद्यात 'तोन झाओ' म्हणजे संघटित धर्म आणि 'तिन न्गुओंग' म्हणजे लोकश्रद्धा असा भेद आहे. चुआ हांगसारखे मठ पहिल्या कक्षेत, तर दिन्ह, देवमाशाचे लांग आणि आम लिन्ह तू दुसऱ्या कक्षेत येतात. लोकश्रद्धेच्या ठिकाणांना आपल्या कार्यक्रमांची नोंदणी करावी लागते आणि त्यांचा प्रतिनिधी किंवा व्यवस्थापन मंडळ असावे लागते. या नोंदणीतून कुळाचे पूर्वजगृह वगळलेले आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की गावच्या दिन्हमधल्या सोहळ्याला नोंदणी लागेल, पण भावकीने आपल्या घरात, आपल्या तारखेला, आपल्या पुतळ्यांसह केलेल्या विधीला ती लागणार नाही.

माझ्या मते या प्रकरणात विधी वाचला तो याच कारणाने. शासनाने मोठा रंगमंच दिला, पण लहान घर बंद केले नाही. सोहळ्याच्या दिवशी अधिकारी, पत्रकार आणि पर्यटक असतात. ढोल, निशाणे, भाषणे असतात. आणि त्यात काही गैर नाही, कारण गावाला आपल्या पूर्वजांचा मान झालेला हवा असतो. मात्र ज्या घरातले नाव भाषणात येत नाही, त्या घरालाही त्याच महिन्यात आपला पुतळा करता येतो. धोका आहे तो दुसरीकडे. विधीचे मोल पुराव्यावरून ठरू लागले, की ज्यांचा पुरावा म्हणून उपयोग नाही अशी माणसे हळूहळू बाजूला पडतात. सरकारी हुकमाने गेलेला शिपाई नायक होतो; पोटासाठी जाळी टाकायला गेलेला आणि वादळात सापडलेला कोळी नुसता बुडालेला राहतो. समुद्राने दोघांत फरक केला नाही, आणि मातीचा देह घडवणाऱ्या पुरोहितानेही केलेला नाही.

दर्यावर आजही

ली सोनच्या नावा आजही होआंग साच्या पाण्यात मासेमारीला जातात. तिथे वादळ आहे आणि त्याबरोबर दुसऱ्या देशाच्या गस्ती जहाजांची धास्तीही आहे. नावा अडवल्या गेल्याचे आणि मासे-जाळी जप्त झाल्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत. नव्या वर्षाच्या सुरुवातीला बेटावर ड्रॅगन, किलिन (एक काल्पनिक शिंगी प्राणी), कासव आणि फिनिक्स या चार पवित्र प्राण्यांच्या नावांच्या होड्यांची शर्यत होते. वर्ष सुखरूप जावे आणि जाळी भरून यावीत, ही तिची प्रार्थना. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी पुतळ्यांच्या होड्या सोडायचा हंगाम येतो. पहिल्या होड्यांत वल्ही मारणारे तरुण आणि दुसऱ्या होड्यांत ज्यांच्यासाठी प्रार्थना होते ते, एकाच गावचे आणि बहुतेक वेळा एकाच आडनावाचे असतात.

म्हणून वाऱ्याच्या समाध्यांची गणती इतिहासात बंद झालेली नाही. रेडिओवरचा संपर्क तुटतो, शेजारच्या नावा शोधून रिकाम्या परततात, घरचे लोक काही महिने थांबतात. मग कोणीतरी वडीलधारा पुरोहिताकडे जातो आणि डोंगरावरून माती आणायची तयारी सुरू होते. थडगे बांधले जाते ते लसणाच्याच शेतात, कारण बेटावर मोकळी जागा नाही. आणि पुढच्या हंगामात पेरणीच्या वेळी त्या चौकोनाला वळसा घालून वाफे आखले जातात.